टोसा प्रांताचं नाव लावणारा अटलांटिकचा मासा

शिकोकू हे जपानच्या चार मुख्य बेटांतलं सगळ्यांत लहान बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर आज जो कोची नावाचा भाग आहे, त्याला पूर्वी टोसा प्रांत म्हणत. हे टोसा नाव आज एका माशाला चिकटलेलं आहे, आणि तो मासा राहतो अटलांटिक महासागराच्या मधोमध, विषुववृत्ताच्या जरा वर, ब्राझीलच्या किनाऱ्यापासून जवळजवळ हजार किलोमीटर आत. टोसाशी त्याचा दुरूनही संबंध नाही. त्याचं शास्त्रीय नाव टोसानॉइडिस ॲफ्रोडाइटी. दुसरा अर्धा भाग ग्रीक देवीचा, पहिला अर्धा जपानी प्रांताचा, आणि पत्ता ब्राझीलचा.

हे त्रांगडं कसं झालं हे समजून घेतलं, की खोल पाण्यातल्या प्रवाळ माशांचं वर्गीकरण आणि त्यांचा अधिवास-नकाशा या दोन्ही गोष्टी बऱ्याच उलगडतात.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. आपण बोलताना वाघ, कावळा, बांगडा या प्रत्येकाला ‘प्रजाती’ म्हणतो. मराठीतल्या शास्त्रीय परिभाषेत मात्र तो शब्द एक पायरी वरचा आहे. एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, प्रजातींचा गट म्हणजे कुल आणि कुलांचा गट म्हणजे गण. वर्तमानपत्रांनी ‘प्रजाती’ हा शब्द खालच्या पायरीवर आणून ठेवला आणि आता तो तिथून हलेल असं वाटत नाही. पण या लेखापुरतं मी जुनंच पाळतो : टोसानॉइडिस ही प्रजाती, ॲफ्रोडाइटी ही तिच्यातली एक जात. व्यक्तीच्या नावाशी तुलना करायची तर प्रजाती म्हणजे आडनाव. फक्त ते आधी लावतात.

आता या आडनावाचा इतिहास. १९०६ साली जपानमधल्या एका छोट्या समुद्री माशासाठी टोसाना अशी नवी प्रजाती करण्यात आली. नाव अर्थात टोसावरून. १९५३ मध्ये कोचीचे मत्स्यशास्त्रज्ञ तोशिजी कामोहारा यांच्यापुढे आणखी एक मासा आला. टोसानासारखा दिसणारा, पण तिच्यात बसणारा नव्हे. ग्रीकमधून आलेल्या ‘-ऑइडिस’ या शेपटाचा अर्थ ‘-सारखा’. म्हणून टोसानॉइडिस, म्हणजे टोसानासारखा. पहिली जात फिलामेंटोसस. दुसरी, फ्लाव्होफॅसिएटस, यायला १९८० उजाडलं, तीही जपानमधूनच. त्यानंतर पस्तीसेक वर्षं कुणीही नवं भावंड सापडल्याचं जाहीर केलं नाही. दोन जातींचं, पॅसिफिकमधलं, फारसं कुणाच्या लक्षात न येणारं एक घराणं, असा त्याचा लौकिक.

२०१६ ते २०१९ या चार वर्षांत त्या घराण्यात चार नव्या जाती आल्या. २०१६ मध्ये हवाईच्या वायव्य टोकाला असलेल्या कुरे कंकणद्वीपाजवळून टोसानॉइडिस ओबामा. २०१८ मध्ये मायक्रोनेशियातून ॲनेपॅट्रिस. त्याच वर्षी अटलांटिकमधून ॲफ्रोडाइटी. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या कोरल समुद्रातून बेनेट्टी. माशांनी अचानक वंश वाढवला असं अर्थातच झालेलं नाही. ते तिथेच होते. बदल झाला तो माणसाच्या पोहोचेत, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

ओबामा हे नाव खरोखरच बराक ओबामांचं. ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी हवाईतल्या पापाहानाउमोकुआकेआ या सागरी संरक्षित क्षेत्राचा विस्तार करून ते सुमारे १५ लाख चौरस किलोमीटरचं केलं, आणि हा मासा त्याच क्षेत्रात सापडला. नराच्या पाठीवरच्या परावर, म्हणजे पंखावर, लाल ठिपका आणि त्याभोवती निळं कडं असतं. ते त्यांच्या निवडणूक प्रचारातल्या चिन्हासारखं दिसतं, अशी जोड नाव देणाऱ्यांनी लावली. अशा नामकरणाला काही जण नाकं मुरडतात. मला त्यात वावगं दिसत नाही. निदान लोकांनी त्या माशाचा फोटो तरी पाहिला.

पण मुद्दा पोहोचेचा. प्रवाळ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते उथळ, लख्ख उजेडातलं निळं पाणी. प्रवाळभिंत मात्र तिथे संपत नाही. साधारण ३० मीटरपासून १५० मीटरपर्यंत उजेड हळूहळू मावळत जातो, पण पुरता विझत नाही. लाल रंग तर फार वरच गळून पडतो. खाली उरतो तो निळसर संधिप्रकाश. या पट्ट्यालाही स्वतःचे प्रवाळ आहेत, स्पंज आहेत आणि स्वतःचे मासे आहेत. त्यातले बरेच वर कधी येत नाहीत.

या पट्ट्याची अडचण अशी, की तो दोन साधनांच्या मधल्या फटीत पडतो. हौशी डायव्हिंगची मर्यादा साधारण ४० मीटरची. त्याखाली साध्या हवेतला नायट्रोजन मेंदूवर चढू लागतो. माणूस नशेत असल्यासारखा वागतो. पाणबुड्या खोल जातात, पण त्या महाग, आणि त्यांचा ओढा शेकडो-हजारो मीटरच्या खोलीकडे. शंभर मीटरवर दोन बोटांएवढा मासा कपारीत घुसला, तर पाणबुडीच्या यांत्रिक हातानं तो पकडणं महाकठीण. खडकाळ उतारावर जाळं ओढावं तर ते फाटतं. म्हणजे उथळ पाणी डायव्हर्सनी पाहिलं, तळ पाणबुड्यांनी पाहिला, आणि मधला संधिप्रकाश कितीतरी दशकं जवळजवळ तसाच राहून गेला.

१९९० च्या दशकापासून बंद-वर्तुळाची श्वसनयंत्रणा, म्हणजे रीब्रीदर, या कामी येऊ लागली. तिच्यात आपला उच्छ्वास बाहेर बुडबुडे होऊन जात नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड यंत्र शोषून घेतं, खर्च झालेला ऑक्सिजन भरून काढतं आणि तीच हवा पुन्हा देतं. नायट्रोजनचा बराचसा वाटा हेलियमनं बदलला की नशाही टळते. तरी गणित क्रूरच राहतं : तळाशी काही मिनिटं मिळतात आणि वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबत कित्येक तास घालवावे लागतात. हवाईतले मत्स्यशास्त्रज्ञ रिचर्ड पाईल या तंत्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. ओबामा आणि ॲनेपॅट्रिस या दोन्ही जातींच्या वर्णनावर त्यांचं नाव आहे. साध्या हवेवर खोल जाण्याच्या दिवसांची आठवण त्यांनी एका माशाच्या नावातही ठेवली आहे. कुक बेटांजवळच्या एका पिवळ्या एंजलफिशला १९९३ मध्ये नाव मिळालं सेंट्रोपिजी नार्कोसिस. नार्कोसिस म्हणजे तीच नायट्रोजनची नशा.

वर येण्याचा त्रास माशालाही होतो. १२० मीटरवर पाण्याचे बारा आणि वरच्या हवेचा एक असा तेरा वातावरणांचा दाब असतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, वाताशय. तो मासा सरळ पृष्ठभागावर आणला तर पिशवीतला वायू तेरापट फुगू पाहतो. मग एकतर पातळ सुईनं तो वायू काळजीपूर्वक काढतात, नाहीतर मासा दाबाच्या भांड्यात ठेवून सावकाश वर आणतात.

हे सगळं कौशल्य २०१७ मध्ये कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या चमूनं ब्राझीलच्या सेंट पॉल खडकांवर वापरलं. सुरुवातीला सांगितलेला ॲफ्रोडाइटीचा पत्ता तो हाच. ही जागा एरवीही अद्भुत आहे. मध्य-अटलांटिक पर्वतरांगेवरची ही मूठभर टोकं. सगळ्यांत उंच टोक जेमतेम १८ मीटर. समुद्रातली अशी एकाकी बेटं बहुधा ज्वालामुखीची असतात. ही नाहीत. इथे पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणाचा खडकच वर ढकलला जाऊन समुद्राबाहेर आला आहे. फेब्रुवारी १८३२ मध्ये बीगल जहाजावरून चार्ल्स डार्विन इथे उतरले आणि हा खडक ज्वालामुखीचा दिसत नाही हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पक्षी, खेकडे, कोळी, किडे यांची त्यांनी नोंद केली. झाड सोडा, साधं दगडफूलही त्यांना दिसलं नाही. त्या ओक्याबोक्या खडकांच्या खाली, १०० ते १३० मीटरवर, गुलाबी आणि पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा कपारींतून ये-जा करत होता, पण १८३२ मध्ये ते कळायचा मार्ग नव्हता.

तो पाहणाऱ्या डायव्हर्सची तंद्री अशी लागली, की डोक्यावरून जाणारा जवळजवळ तीन मीटरचा सहा कल्ल्यांचा शार्क त्यांना दिसलाच नाही. तो नंतर चित्रफितीत कळला. सौंदर्यानं भुरळ घालणारी देवता म्हणून ॲफ्रोडाइटी हे नाव त्यातूनच आलं. हडसन पिन्हेरो, क्लॉडिया रोशा आणि लुइझ रोशा यांनी २०१८ मध्ये या जातीचं रीतसर वर्णन प्रसिद्ध केलं.

रीतसर म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. नवा मासा दिसला म्हणून नवी जात होत नाही. एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. पुढे वाद झाला तर त्याचा निकाल त्या एका बाटलीतल्या माशावरून लागतो. पाठीच्या परात किती काटे आणि किती मऊ किरण, अंगाच्या बाजूनं जाणाऱ्या पार्श्वरेषेवर किती खवले, कल्ल्यांच्या कमानीवर किती दाते, हे सगळं मोजून मांडावं लागतं. रंग लिहितात, पण रंगावर फार विसंबत नाहीत. याच माशाचं पाहा : नर गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांचा, मादी मात्र एकजात लालसर नारिंगी. दोघं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांना सापडली असती तर दोन जाती झाल्या असत्या. या गटात हा धोका खराच असतो, कारण यातले बरेच मासे मादी म्हणून आयुष्य सुरू करतात आणि पुढे नर होतात.

मोजणीला जोड डीएनएची. मायटोकाँड्रियातल्या सीओआय या जनुकाचा एक तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी जगभर वापरतात, दुकानातल्या बारकोडसारखा. एकाच जातीच्या माशांत त्यातला फरक बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर असतो. ॲफ्रोडाइटी आणि हवाईच्या ओबामामधला फरक निघाला १४.४ टक्के.

हा आकडा मोठा आहे. नव्या जातीवर शिक्कामोर्तब करायला तर तो पुरतोच, पण त्याहून रंजक प्रश्न पुढचा : बाकीचे पाचही नातेवाईक पॅसिफिकमध्ये असताना हा एकटा अटलांटिकमध्ये आला कसा? आज दोन्ही महासागरांच्या मध्ये अमेरिका उभी आहे. पनामाची संयोगभूमी पूर्ण जुळून आली साधारण ३० लाख वर्षांपूर्वी. त्याआधी तिथून पाणी वाहत होतं, माशांच्या अळ्या वाहत होत्या. दुसरा रस्ता आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून येणारा, पण तिथे बेंग्वेला हा थंड प्रवाह आडवा येतो. तिसरा, फार जुना : आजच्या पश्चिम आशियाच्या जागी टेथिस समुद्र होता तेव्हाचा. माशांच्या या जनुकात दर दहा लाख वर्षांना एक-दोन टक्के फरक पडतो असा ढोबळ हिशेब अनेक ठिकाणी वापरला जातो. तो इथे लावला तर दोघांची फाटाफूट पनामा बंद होण्याच्या बरीच आधीची ठरते. हे घड्याळ फार काटेकोर नाही, ते मागेपुढे होतं, पण चौदा टक्के म्हणजे कालपरवा वाहत आलेला पाहुणा नव्हे एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आता नकाशाकडे येऊ. पुस्तकात एखाद्या माशाचा ‘आढळ’ म्हणून रंगवलेला भाग दिसतो आणि आपण समजतो की मासा तिथे आहे आणि बाहेर नाही. उथळ पाण्यातल्या माशांसाठी हे पुष्कळ अंशी खरं असतं. तिथे हजारो डोळे रोज पाहत असतात. खोल प्रवाळाच्या माशांचं तसं नाही. तिथे रंगवलेला भाग ‘मासा इथे दिसला’ एवढंच सांगतो. न रंगवलेल्या भागाचे अर्थ दोन : मासा नाही, किंवा तिथे कुणी उतरलंच नाही. नकाशा हे दोन्ही सारख्याच पांढऱ्या रंगात दाखवतो. ॲफ्रोडाइटी फक्त सेंट पॉल खडकांवर माहीत आहे. पण अटलांटिकमधल्या बेटांचे शंभर मीटर खालचे उतार किती जणांनी न्याहाळले आहेत?

खोलीच्या आकड्यांनाही हेच लागू पडतं, फक्त तिथे एक गंमत आहे. कुक बेटांतल्या रारोटोंगाचा पेपरमिंट एंजलफिश घ्या : जेमतेम सात सेंटिमीटर, तांबडा, अंगावर पाच पांढरे पट्टे. त्याची नोंदलेली खोली ५३ ते १२० मीटर. यातला वरचा आकडा माशाबद्दल बोलतो. तो वीस मीटरवर येत असता तर कुणीतरी केव्हाच पाहिला असता, इतका तो उठून दिसतो. खालच्या आकड्याबद्दल मात्र मला कायम शंका वाटते. १२० मीटर ही माशाची सीमा की माणूस जिथून मागे फिरतो ती जागा? खोल प्रवाळाच्या माशांची ‘इथपासून इथपर्यंत’ वाचताना ‘इथपासून’वर विश्वास ठेवावा, ‘इथपर्यंत’कडे जरा तिरक्या नजरेनं बघावं.

अशा माशाची जागा प्रत्यक्षात किती, हेही एकदा मनात मोजून पाहण्यासारखं आहे. समजा एखाद्या बेटाचा उतार ४५ अंशांचा आहे. मग १०० ते १३० मीटर खोलीचा पट्टा वरून पाहिल्यास फक्त तीस मीटर रुंद भरतो. उतार कड्यासारखा असेल तर त्याहून कमी. नकाशावर आपण ठसठशीत ठिपका काढतो. खरी जागा म्हणजे बेटाच्या कंबरेला बांधलेली एक अरुंद फीत. आणि ही फीत स्थिरही नाही. वीसेक हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज ॲफ्रोडाइटी जिथे पोहते, तिथे तेव्हा लाटा फुटत होत्या. तिच्या पूर्वजांची संधिप्रकाशाची फीत आजच्या मापानं २२० ते २५० मीटरवर असणार. पाणी चढलं तसे ते खडक धरून वर सरकत आले असावेत. अक्षांश-रेखांश तेच, पत्ता मात्र शंभराहून अधिक मीटर वर.

वर्गीकरणाचा वरचा भाग थोडक्यात सांगून टाकतो, कारण तिथे सध्या आवराआवर चालू आहे. २०१८ च्या वर्णनात ॲफ्रोडाइटीचं कुल सेरॅनिडी दिलं आहे, आणि त्यातलं उपकुल अँथियाडिनी. सेरॅनिडी हे फार ऐसपैस कुल होतं. आपण ज्यांना हेकरू म्हणतो ते दणकट ग्रूपरही त्यातच होते. डीएनएच्या अभ्यासानंतर या एकत्र कुटुंबाची वाटणी झाली. आज अनेक तज्ज्ञ अँथियांना अँथियाडिडी असं स्वतंत्र कुल मानतात आणि हेकरूंना वेगळं. म्हणून एका यादीत तुम्हाला जुनं कुल दिसेल, दुसरीत नवं. दोन्ही याद्या आपापल्या काळाला धरून बरोबर आहेत, माशात काही फरक पडलेला नाही.

प्रजाती बदलली तर मात्र ते नावातच दिसतं, आणि त्यासाठी एक लहानशी खूण ठेवली आहे : कंस. पेपरमिंट एंजलफिशचं वर्णन १९९२ मध्ये पाईल आणि जॉन रँडल यांनी सेंट्रोपिजी बॉयलेई असं केलं. (दाब आणि घनफळाच्या नियमाचे रॉबर्ट बॉयल ते हे नव्हेत, जरी ते शोभले असते. हा मासा शोधणाऱ्या डायव्हरचं आडनाव बॉयल.) पण त्याच्यासारख्या उंच, चपट्या अंगाच्या काही माशांची पॅरासेंट्रोपिजी ही वेगळी प्रजाती आहे असं मत होतंच, आणि सेंट्रोपिजीतले सगळे मासे एका वंशाचे नाहीत हे डीएनएनंही दाखवलं. त्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी लिहितात : पॅरासेंट्रोपिजी बॉयलेई (पाईल आणि रँडल, १९९२). कंसाचा अर्थ एवढाच, की या दोघांनी जात सांगितली खरी, पण दुसऱ्या आडनावाखाली.

कधीकधी तर जातीच्या नावाचं शेपूटही बदलतं. याच प्रजातीतला जपानकडचा एक मासा १९६९ मध्ये होलॅकँथस व्हेनस्टस म्हणून नोंदला गेला. तो सेंट्रोपिजीत आला तेव्हा व्हेनस्टा झाला, कारण लॅटिन व्याकरणात होलॅकँथस पुल्लिंगी आणि सेंट्रोपिजी स्त्रीलिंगी, आणि विशेषणाला लिंग पाळावं लागतं. व्हेनस्टा म्हणजे मोहक; शब्द आला आहे व्हीनसवरून, म्हणजे रोमनांच्या ॲफ्रोडाइटीवरूनच.

ॲफ्रोडाइटी हे विशेषण नाही, विशेषनाम आहे. म्हणून प्रजाती कोणतीही असली तरी त्याचं शेपूट हलणार नाही. तूर्त ते असं लिहितात : टोसानॉइडिस ॲफ्रोडाइटी पिन्हेरो, रोशा आणि रोशा, २०१८. कंस नाही. उद्या कुणी अटलांटिकच्या आणखी एखाद्या उतारावर उतरलं, तिथे याचं भावंड सापडलं आणि या दोघांचं घराणं पॅसिफिकवाल्यांपासून वेगळं करावं असं ठरलं, तर टोसा प्रांत त्या नावातून गळून पडेल आणि तिघांची नावं कंसात जातील.